सूक्ष्म मनोऱ्यांचे वजन : प्रस्तावना

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर शंभर नॅनोमीटर जाडीचा एखादा मनोरा आपण पाहत असलो, तर त्याची उंची किती, तो कोणत्या बाजूस कलला आहे, त्याचे अंग किती खडबडीत आहे, हे सर्व एका दृष्टिक्षेपात कळते; परंतु तो मनोरा किती जड आहे, त्याच्या बाह्याकाराच्या आत द्रव्य कितपत दाटीने भरलेले आहे, या प्रश्नाला ते चित्र, कितीही ठळक असले तरी, उत्तर देत नाही. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा एवढाच प्रश्न आहे. केंद्रित इलेक्ट्रॉन-शलाकेने किंवा आयन-शलाकेने वाढविलेल्या सूक्ष्म रचनांची घनता कशी मोजावी, मोजलेल्या आकड्यावर भरवसा किती ठेवावा, आणि मुळात तो आकडा हवाच कशाला, यांचा विचार पुढील प्रकरणांत आला आहे. विषय वरवर पाहता इतका आखूड आहे की, त्यासाठी स्वतंत्र ग्रंथाचा प्रपंच करावा काय, अशी शंका चोखंदळ वाचकास येणे स्वाभाविक आहे. तेव्हा त्या शंकेचे निरसन करणे हे प्रस्तावनेचे पहिले काम होय.

या विद्येचा उगम स्वच्छतेत झालेला नाही, मळात झालेला आहे. १९३१ साली बर्लिनमध्ये माक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनी पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सिद्ध केला, आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आतच, म्हणजे १९३४ मध्ये, आर. एल. स्ट्यूअर्ट या संशोधकाने 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात असे नोंदवून ठेवले की, निर्वात नळीत धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचा किंवा आयनांचा मारा झाला म्हणजे त्यावर एक विद्युत्‌रोधक पापुद्रा धरतो. निर्वात पंपाच्या तेलाची आणि यंत्राच्या सांध्यांना लावलेल्या ग्रीजची जी अल्पशी वाफ पेटीत उरते, तिचे रेणू पृष्ठभागावर बसतात, आणि माऱ्याखाली फुटून त्यांचा कार्बन जागीच चिकटून राहतो, हे त्याचे कारण. सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी या काळ्या डागाच्या नावाने बोटे मोडली. पुढे १९७६ मध्ये ब्रोअर्स आणि त्यांचे सहकारी यांनी तोच डाग मुद्दाम रेषेच्या आकाराने पाडला, आणि त्या रेषेच्या आडोशाखालील धातू तेवढा राखून बाकीचा आयनांनी खरवडून काढून, अवघ्या आठ नॅनोमीटर रुंदीच्या धातूच्या रेषा करून दाखविल्या, तेव्हा ज्याला आजवर दोष म्हटले जात होते त्यालाच हत्यार म्हणण्याची वेळ आली. त्यानंतरचा मार्ग उघड होता. पंपाच्या तेलाची मेहेरबानी कशाला पाहावी, आपल्याला हवा तो वायू आपणच आत सोडावा! २००० साली जपानमध्ये शिंजी मात्सुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेनान्थ्रीन नावाच्या हायड्रोकार्बनाची वाफ सोडून आणि गॅलियम आयनांची शलाका फिरवून पावणेतीन मायक्रोमीटर व्यासाचा आणि बारा मायक्रोमीटर उंचीचा एक मद्याचा पेला उभा केला. त्या पेल्याचे छायाचित्र जगभर फिरले. त्याचे वजन किती, असे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

ही कृती प्रत्यक्षात कशी घडते हे थोडे जवळून पाहिले पाहिजे, कारण घनतेचा सारा घोळ या कृतीच्या पोटात आहे. निर्वात पेटीत ठेवलेल्या नमुन्याजवळ, त्याच्या पृष्ठभागापासून काही शे मायक्रोमीटरच्या आत, एक बारीक पोकळ सुई आणून ठेवतात आणि तिच्यातून वायूचा अतिशय मंद झोत सोडतात. वायूचे रेणू पृष्ठभागावर क्षणभर विसावतात आणि पुन्हा उडून जातात. मात्र ज्या बिंदूवर शलाका रोखलेली असते तेथे, मूळ इलेक्ट्रॉनांच्या आणि विशेषतः त्यांच्या आघाताने पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या मंदगती दुय्यम इलेक्ट्रॉनांच्या योगाने, ते उडण्यापूर्वीच फुटतात, त्यांचा बाष्पशील भाग पंप ओढून नेतो, आणि जो भाग बाष्पशील नाही तो निक्षेप म्हणून तेथेच राहतो. शलाका स्थिर ठेवली तर मनोरा उभा राहतो. ती सावकाश बाजूला सरकवीत नेली तर तिरपी कमान निघते. धातूंसाठी कोबाल्ट, लोह, टंगस्टन यांची कार्बोनिल संयुगे वापरतात. प्लॅटिनमसाठी जे संयुग सर्रास वापरले जाते त्याच्या रेणूत एका प्लॅटिनम अणूभोवती नऊ कार्बन व सोळा हायड्रोजन अणू असतात. आता इलेक्ट्रॉनाचा आघात ही काही सुताराची बेताची पटाशी नव्हे, आणि धातूचा अणू तेवढा ठेवून कार्बन सगळा उचलून नेण्याची शिस्त त्या रेणूला नसते. परिणामी जो निक्षेप हाती येतो त्यात दर प्लॅटिनम अणूमागे साधारणपणे पाच कार्बन अणू असतात, आणि दोन-तीन नॅनोमीटर आकाराचे प्लॅटिनमचे स्फटिककण अस्फटिक कार्बनात रुतून बसलेले असतात. प्रयोगशाळेच्या बोलीत याला आपण 'प्लॅटिनम' म्हणतो खरे. पण रुपया चांदीचा होता तेव्हा त्या नाण्यात चांदी किती, याची चौकशी टांकसाळीत केली जात असे, तशी येथेही केली पाहिजे.

दशमान पद्धत रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे धान्य तोलून घेण्यापेक्षा मापून घेण्याची चाल सार्वत्रिक होती, आणि पायली सैल भरली की हलवून व दाबून भरली, यावर तिच्यात दाणा किती गेला हे ठरत असे, हे ज्यांनी बाजारात पाहिले आहे त्यांना या शास्त्रातील अडचण चटकन ध्यानी येईल. शलाकेने रचना वाढविणाऱ्यांची सगळी भाषा आरंभापासून मापाची आहे. किती विद्युत्‌भार ओतला आणि त्याबद्दल किती घनमायक्रोमीटर निक्षेप मिळाला, या गुणोत्तराला ते उत्पादनक्षमता म्हणतात. परंतु भौतिकीला जे हवे असते ते घनमायक्रोमीटर नसून अणू असतात: एका इलेक्ट्रॉनामागे किती रेणू फुटले, रेणू फुटण्याची शक्यता किती, पृष्ठभागावर रेणूंची वस्ती किती दाट होती, हे प्रश्न आकारमानावरून सोडवायचे तर मध्ये घनता घालावीच लागते. ती घनता कोणी मोजलेली नसली म्हणजे लेखक एखादा 'सोयीचा' आकडा गृहीत धरतो, पुढचा लेखक त्याचा दाखला देतो, आणि चार-सहा लेखांनंतर त्या गृहीताला दप्तरी नोंदीची प्रतिष्ठा प्राप्त होते. माझ्या मते या क्षेत्रातील वाङ्मयाचा हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो कोणाच्या अप्रामाणिकपणातून आलेला नसून केवळ तोलण्याची तसदी न घेतल्यामुळे आलेला आहे.

घटक कळले की घनता कळलीच, असा एक समज आहे. त्याची शहानिशा कागद-पेन्सिलीने करता येते. एका प्लॅटिनम अणूमागे पाच कार्बन अणू असे प्रमाण घ्या. प्लॅटिनमचा अणुभार १९५ आणि पाच कार्बनांचा मिळून ६०, म्हणजे वजनाच्या दृष्टीने तीन-चतुर्थांशाहून किंचित अधिक भाग प्लॅटिनमचा झाला. प्लॅटिनमची घनता, दर घन सेंटिमीटरला २१.४५ ग्रॅम, सुप्रसिद्ध आहे. राहिला कार्बन. तो ग्रॅफाइटासारखा असेल तर त्याची घनता २.२६, आणि मग मिश्रणाची सुमारे ७.२ येते, तो हिऱ्यासारखा असेल तर घनता ३.५१ धरावी लागते आणि मिश्रण ९.७ पर्यंत चढते. आणि तो हायड्रोजनयुक्त, प्लॅस्टिकच्या जातीचा, १.२ घनतेचा असेल तर तेच मिश्रण ४.३ वर उतरते. वर्णपटाने दिलेले घटकांचे प्रमाण तिन्ही वेळा तंतोतंत तेच आहे. आकडा मात्र दुपटीहून अधिक हलला. शिवाय आत सूक्ष्म छिद्रे असतील तर तो आणखी खाली जाईल. वजनात जेमतेम चौथा हिस्सा असलेला कार्बन आकारमानाचा मोठा वाटा अडवून बसतो, आणि म्हणून त्याच्या जातीविषयीचे आपले अज्ञान थेट घनतेत उतरते. घटकांवरून घनता काढणे हा पुरावा नव्हे. फार तर ती एक मर्यादा आहे.

तेव्हा तोलणे आले. पण तोलायचे ते काय? शंभर नॅनोमीटर व्यासाचा आणि तीन मायक्रोमीटर उंचीचा मनोरा, घनता चार धरली तर, सुमारे ९४ फेम्टोग्रॅम भरतो. फेम्टोग्रॅम म्हणजे ग्रॅमचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले असता त्यातील एक भाग. असल्या वस्तूसाठी कोणत्याही पारड्याचा उपयोग नाही. उपयोग होतो तो कंपनाचा. १९५९ मध्ये ग्युंटर साउअरब्राय यांनी दाखवून दिले की, कंप पावणाऱ्या क्वार्ट्‌झच्या चकतीवर पातळ थर चढविला असता तिची वारंवारता थराच्या वजनाच्या प्रमाणात उतरते, आणि तेच तत्त्व कितीतरी लहान प्रमाणावर लावून, स्वित्झर्लंडमधील थून येथील एम्पा या संस्थेतील इव्हो उटके व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली शलाकेने केलेल्या निक्षेपांची घनता कॅन्टिलिव्हरच्या साह्याने काढण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढील वर्षी, निक्षेप वाढत असतानाच त्याचे वस्तुमान मोजण्याचे प्रयोगही त्याच मंडळींकडून पुढे आले. रीत इतकी सरळ आहे की ती आधी कोणास का सुचली नाही याचे नवल वाटावे. पण नवल वाटण्याजोग्या पुष्कळ गोष्टी शास्त्रात उशिराच सुचलेल्या आहेत.

एका टोकाशी जखडलेली आणि दुसऱ्या टोकाशी मोकळी अशी सिलिकॉनची पट्टी, म्हणजेच कॅन्टिलिव्हर, घ्यावी. समजा तिची लांबी शंभर मायक्रोमीटर, रुंदी दहा आणि जाडी अर्धा मायक्रोमीटर. तिचे स्वतःचे वजन एक नॅनोग्रॅमपेक्षा थोडे अधिक भरते, परंतु मुळाशी ती जवळजवळ हलतच नसल्याने कंपनाच्या हिशेबी त्यातील पाव भागच खर्चास पडतो. ती सेकंदास सुमारे एकोणसत्तर हजार वेळा हलेल. तिच्या मोकळ्या टोकावर आपला ९४ फेम्टोग्रॅमचा मनोरा वाढविला की ही वारंवारता अकरा-साडेअकरा हर्ट्‌झने उतरते. एकोणसत्तर हजारांत अकरा! हवेत हा फरक कदाचित दिसणार नाही, कारण हवेच्या विरोधाने अनुनादाचे शिखर पसरट होते. परंतु निर्वातात ते शिखर इतके अरुंद असते की अकरा हर्ट्‌झ ही त्यापुढे ठसठशीत रक्कम ठरते. आरंभीची वारंवारता, अखेरची वारंवारता, आणि पट्टीचा ताठरपणा, एवढी तीन कलमे हाती असली की वस्तुमान निघाले.

हे वाचून सर्व काही सुकर आहे असा ग्रह होऊ नये म्हणून तीन विघ्ने येथेच सांगून टाकतो. ग्रंथात त्यांना अख्खे प्रकरण दिले आहे आणि ते मला सर्वांत मोलाचे वाटते. पहिले विघ्न जागेचे. निक्षेप पट्टीच्या अगदी टोकावर हवा. तो लांबीच्या दहाव्या हिश्शाने आत पडला तर त्या जागी पट्टीची हालचाल टोकाच्या ८६ टक्केच असते, आणि परिणाम हालचालीच्या वर्गाप्रमाणे होत असल्याने निक्षेप एक-चतुर्थांशाने हलका भासतो. दुसरे विघ्न उष्णतेचे. सिलिकॉनची अशी पट्टी तापमानाच्या एका अंशामागे दशलक्षात सुमारे तीस भागांनी मंदावते, म्हणजे आपल्या उदाहरणात अंशाला दोन हर्ट्‌झ. शलाकेने पट्टी पाच अंश तापली तर नसलेला एक मनोरा आपण तोलून मोकळे होऊ. तिसरे विघ्न, आणि ते सर्वांत छुपे, खुद्द वायूचे आहे. पट्टीच्या दोन्ही अंगांवर मिळून प्लॅटिनम-संयुगाच्या रेणूंचा केवळ एक थर बसला असे धरले, तर ठोकळ हिशेबाने त्या थराचे वजन दोन-तीन पिकोग्रॅम भरते. तो सगळीकडे पसरलेला असल्याने त्याचा परिणाम चौथाईवर येतो खरा, तरीही तो मनोऱ्याच्या परिणामाच्या पाच ते आठ पट राहतो. सुई मागे घेऊन, शलाका बंद करून, पेटीतील दाब पूर्ववत होईपर्यंत आणि पट्टी निवेपर्यंत थांबणे, आणि मगच अखेरची वारंवारता टिपणे, हा या कामातील अव्वल नियम आहे. घाईने घेतलेले माप येथे चुकते एवढेच नव्हे, तर ते बरोबर असल्याचा आभास निर्माण करते.

वस्तुमानाची बाजू अशी एकदा मार्गी लागली म्हणजे सगळे लक्ष आकारमानाकडे वळते, आणि येथे वाचकाला एक अनपेक्षित गोष्ट आढळेल. फेम्टोग्रॅम मोजणे कठीण आणि मनोऱ्याची जाडी मोजणे सोपे, असे आपण धरून चालतो. ताळेबंद मांडून पाहिला तर बहुतेक वेळा अनिश्चितता जाडीकडूनच अधिक येते. पडद्यावर मनोऱ्याची कड ही रेघ नसून एक उजळ पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या आतली बाजू धरावी की बाहेरची, यात पाच नॅनोमीटरचा फरक सहज पडतो; शंभर नॅनोमीटर व्यासावर तो पाच टक्के, आणि आकारमान व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्याने घनतेवर दहा टक्के. व्यास पन्नासच असेल तर वीस टक्के. दुसरे असे की, मनोऱ्याच्या पायथ्याभोवती विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे एक पातळ वलय पसरलेले असते. अर्धा मायक्रोमीटर त्रिज्येचे आणि दोनच नॅनोमीटर जाडीचे वलय डोळ्यांना दिसतही नाही, परंतु त्याचे आकारमान आपल्या मनोऱ्याच्या पंधराव्या हिश्शाइतके होते. ते वजनात मोजले जाते आणि मापात सुटते, आणि मनोरा विनाकारण सात टक्क्यांनी दाट ठरतो. म्हणून मापासाठी मनोऱ्याऐवजी ठेंगणा, रुंद ठोकळा वाढवून त्याची उंची सूक्ष्म सुईच्या मापकाने रेखावी, असा सल्ला ग्रंथात दिला आहे, आणि तो योग्य आहे. मात्र ठोकळा आणि मनोरा एकाच घनतेचे असतात हे पुन्हा गृहीतच राहते, कारण रेणूंचा पुरवठा आणि शलाकेची तीव्रता यांचे प्रमाण दोन्ही ठिकाणी सारखे नसते.

आयनांनी वाढविलेल्या रचनांत आणखी एक गुंता असतो. गॅलियमचा आयन नुसता आघात करून निघून जात नाही. तो निक्षेपात रुतून बसतो, आणि कार्बनाच्या मनोऱ्यात तर मध्यभागी गॅलियमयुक्त गाभा आणि भोवती तुलनेने निर्भेळ कार्बनाचे कवच अशी रचना आढळलेली आहे. मग मोजलेली घनता कोणाची? गाभ्याची नव्हे, कवचाचीही नव्हे. ती दोघांच्या सामाईक खात्याची सरासरी होय, आणि मनोरा जाड करताच ती बदलते. हेलियम आयनांच्या शलाकेने टंगस्टन कार्बोनिलपासून स्पेनमधील संशोधकांनी २०१८ मध्ये अतिसंवाहक पोकळ तारा उभ्या वाढविल्या. त्यांतील सर्वांत बारीक तारेचा बाहेरील व्यास ३२ नॅनोमीटर आणि आतील पोकळीचा ६. बाहेरून पाहणाऱ्याला ती पोकळी कळणार नाही, हे खरे. तथापि तिचे क्षेत्रफळ एकूण छेदाच्या साडेतीन टक्केच आहे, तेव्हा घनतेच्या हिशेबी अशा पोकळीपेक्षा व्यासाच्या मापातील बेफिकिरी अधिक महाग पडते. सगळ्याच पोकळ्या सारख्या दोषी नसतात.

पट्टीवर न तोलताही एक मार्ग आहे, आणि मला त्यातील युक्ती फार आवडते. मनोरा स्वतःच एका टोकाशी जखडलेला दंड असल्याने त्यालाच कंप पावू द्यावे. परंतु त्याची वारंवारता केवळ लवचिकतेच्या गुणांकाचे घनतेशी असलेले गुणोत्तर सांगते. ताठर आणि जड मनोरा, लवचीक आणि हलका मनोरा, दोघेही एकाच स्वराचे निघू शकतात. म्हणून त्याच मनोऱ्याला ज्ञात ताठरपणाच्या पट्टीने हळूच रेटून तो किती वाकतो हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. वाकविण्यावरून लवचिकतेचा गुणांक काढताना व्यासाचा चतुर्थ घात येतो, आणि व्यासातील पाच टक्क्यांची चूक गुणांकात वीस टक्के होते. ती पाहून पुष्कळ जण हात टेकतात. पण घनता काढण्यासाठी दोन्ही समीकरणे एकत्र केली की घातांची वजाबाकी होऊन व्यासाचा वर्गच शिल्लक उरतो आणि चूक दहा टक्क्यांवर येते. म्हणजे ज्या दोन प्रयोगांवरून लवचिकता फारशी खात्रीने सांगता येत नाही, त्यांवरूनच घनता तिच्यापेक्षा चांगली सांगता येते. ज्यांचे गणिताशी वाकडे नाही त्यांनी हा पडताळा स्वतः करून पाहावा.

क्ष-किरणांच्या आणि इलेक्ट्रॉनांच्या वर्णपटांवर आधारलेल्या रीतींविषयी मी येथे थोडक्यात लिहितो, कारण ग्रंथात त्यांचे विवेचन पुरेसे विस्तृत आहे. पातळ थरातून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या तीव्रतेवरून दर चौरस सेंटिमीटरला किती द्रव्य आहे हे काढता येते, आणि त्याला जाडीने भागले की घनता मिळते. या रीतीत जाडीची चूक एकपटच शिरते, हा तिचा गुण. निव्वळ कार्बनाच्या रचनांसाठी, आरपार जाणारे इलेक्ट्रॉन आत किती ऊर्जा गमावतात ही साक्ष उपयोगी पडते: संयुजा-इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक आंदोलनाची ऊर्जा त्यांच्या दाटीच्या वर्गमूळाप्रमाणे वाढते, हिऱ्यात ती सुमारे ३३ ते ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते आणि सामान्य अस्फटिक कार्बनात २४ च्या आसपास. धातूमिश्रित निक्षेपांना मात्र ही कसोटी जशीच्या तशी लावता येत नाही.

या सर्व खटाटोपाचे प्रयोजन कोणी विचारील तर शुद्धीकरणाचे उदाहरण पुरे होईल. प्लॅटिनम-कार्बन निक्षेपावर पाण्याच्या वाफेत पुन्हा इलेक्ट्रॉन-शलाका फिरविली असता कार्बन वायुरूपाने निघून जातो आणि मागे धातू उरतो, असे ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील हाराल्ड प्लांक यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखविले. वर्णपटात कार्बनाची रेषा लोपली म्हणजे निक्षेप शुद्ध झाला हे मान्य; पण तो घट्ट झाला काय? कार्बनाची मूळ घनता दोन धरली, तर सगळा कार्बन जाऊन निर्भेळ, सलग प्लॅटिनम उरल्यास आकारमान मूळच्या २३ टक्क्यांवर आले पाहिजे. ते ३० टक्क्यांवर थांबले, तर जवळजवळ चौथा हिस्सा छिद्रे आहेत असा निष्कर्ष निघतो, आणि अशा सच्छिद्र धातूची विद्युत्‌वाहकता, ताठरपणा व प्रकाशाशी असलेला व्यवहार सलग धातूसारखा असण्याचे कारण नाही. येथे वर्णपट आणि आकारमान यांची रुजवात घालणारे खाते घनतेचे आहे; ते कोरे ठेवून काढलेली बाकी कोणी मान्य करू नये. अर्धवाहक उद्योगात प्रकाशमुद्रणाच्या साच्यांवरील दोष याच रीतीने दुरुस्त केले जातात, आणि साच्यावर बसविलेला ठिपका प्रकाश कितपत अडवील हे त्याच्या जाडीइतकेच त्याच्या घनतेवर ठरते. तेथे हा प्रश्न केवळ पांडित्याचा राहत नाही.

ग्रंथाच्या रचनेविषयी एक-दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पदवी परीक्षेपर्यंतचे भौतिकशास्त्र ज्याने मन लावून केले आहे त्याला हा ग्रंथ वाचता येईल. ज्यांना निक्षेपणाची कृती आधीच परिचित आहे त्यांनी पहिली दोन प्रकरणे सोडून सरळ कंपनाच्या प्रकरणाकडे वळावे. पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत दुराग्रह केलेला नाही: प्रयोगशाळेत जो शब्द तोंडी आहे तोच येथे ठेवला आहे, आणि घनता, वस्तुमान, अनुनाद, निक्षेप हे शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत मुरलेले असल्याने तेही निःसंकोच वापरले आहेत. चूक किती, हे प्रत्येक उदाहरणाखाली स्पष्ट मांडले आहे. काही वाचकांना त्याचा कंटाळा येईल; येवो.

ज्यांच्या हाताखाली असे यंत्र आहे आणि जे आपली मापे प्रसिद्ध करतात किंवा करू इच्छितात, त्यांस शेवटी एक विनंती आहे. घनतेचा अंतिम आकडा तेवढा छापून थांबू नका. पट्टीची निक्षेपापूर्वीची आणि नंतरची वारंवारता, त्या दोन वेळचे तापमान आणि पेटीतील दाब, निक्षेपाची टोकापासूनची जागा, आणि व्यास मोजताना कड कोठे धरली, हा तपशील त्याच पानावर द्या. आपला आकडा चुकीचा ठरला तरी या नोंदींवरून दुसरा कोणी तो पुन्हा काढू शकेल.